किल्ली कनवटीला

मराठी माणसाला सत्तेचा मोह नसतो असे म्हणतात. म्हणणारा बहुधा मराठीच असतो. खुर्चीच्या बाबतीत ते खरे असेलही. किल्लीच्या बाबतीत मात्र साफ खोटे आहे. पूर्वी घरातली थोरली बाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून वावरायची. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपे पानशेतच्या पुरात वाहून गेलेली असायची, पण जुडग्यातली एक किल्ली कमी होऊ द्यायची नाही. सासूने सुनेच्या हाती तो जुडगा दिला की त्या घरात राज्याभिषेक झाला असे सारी आळी समजायची. आमच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीपायी दोन सेक्रेटरींनी राजीनामे दिलेले आहेत. गच्चीवर पाण्याची टाकी आणि कबुतरे यांखेरीज तिसरी वस्तू नाही. पण किल्ली काही उघडण्यासाठी नसते. ती आपल्याकडे आहे, हे दुसऱ्याला ठाऊक असण्यासाठी असते.

या किल्लीने आता नवा अवतार घेतला आहे. तिला पासवर्ड म्हणतात. आणि साऱ्या पासवर्डांत थोरला, जुडग्याच्या मानाचा जो पासवर्ड, तो ॲडमिनिस्ट्रेटरचा.

ज्यांचा या गृहस्थाशी परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पाच-दहा माणसांच्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर तारेने एकमेकांना बांधलेले असतात आणि त्या तारांच्या मुळाशी एक थोरला कॉम्प्युटर असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. शब्दार्थ पाहू जाता सर्व्हर म्हणजे सेवक. पण ऑफिसातल्या सगळ्या फायली, सगळे हिशेब त्याच्या पोटात असल्यामुळे मालकापासून शिपायापर्यंत सगळे त्याच्या तब्येतीला जपून असतात. या सेवकाचा जो कारभारी, तो ॲडमिनिस्ट्रेटर. कुणाला आत घ्यायचे, कुणाला हाकलायचे, कुठली फाईल कुणी पाहायची, कुठली पुसायची, हे सगळे त्याच्या हाती. त्याला 'नाही' म्हणणारा सर्व्हरवर कुणी नाही.

मी स्वतः बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे, एवढ्या शिदोरीवर २००५ सालापासून नोकरी चालू आहे. कॉम्प्युटरशी माझा संबंध दिवसाचे सात तास समोरासमोर बसण्यापुरता. परंतु 'ते बँकेत आहेत' या तीन शब्दांना सासुरवाडीत भलतेच वजन असते. प्लॉट घ्यावा का, सोने मोडावे का, गालगुंडावर काय लावावे, हे सगळे बँकवाल्याला विचारतात. त्याच न्यायाने ऑगस्ट २०२३ मधल्या एका सोमवारी रात्री मेव्हण्याचा फोन आला.

"भावजी, एका पार्टीचं अख्खं फोल्डर गेलं."

"कुठं गेलं?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला फोन केला असता का?"

मेव्हण्याचे डोंबिवलीत सी.ए.चे ऑफिस आहे. मूळचे सासऱ्यांचे. माणसे आठ: स्वतः मेव्हणा, त्याच्या हाताखालच्या एक अनुभवी मॅडम, आर्टिकलशिपची मुले, एक टायपिस्ट, एक शिपाई आणि काका. काका १९९२ पासून तिथे हिशेबनीस. सासऱ्यांनी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या हाती दिली ती आजतागायत त्यांच्याच कनवटीला. म्हणजे पँटीच्या चोरखिशाला, पण भाव कनवटीचाच. या कपाटात पार्ट्यांचे करारनामे, सह्यांचे कोरे चेक आणि सासऱ्यांची अडकित्त्यासह पानाची चंची, असा ऐवज आहे. एकतीस वर्षांत त्यातली सुपारीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही.

सर्व्हर २०१४ साली आला. प्लगपाशी कुणाचे टेबल आहे, हे पाहून त्याची जागा ठरली. टेबल काकांचे होते. तेव्हापासून सर्व्हरचा पडदा काकांच्या टेबलावर आणि सर्व्हर काकांच्या पायांशी. काका त्याच्यावर डबा ठेवायचे. डबा गरम राहायचा.

आता मुख्य गोष्ट. या सर्व्हरवर आठही माणसे एकाच नावाने आत जायची. ते नाव ॲडमिनिस्ट्रेटर. पासवर्ड होता 'ॲडमिन ॲट एक दोन तीन', आणि कुणी विसरू नये म्हणून तो पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवला होता. चिठ्ठी सुटू नये म्हणून वरून सेलोटेप. सर्व्हर बसवणाऱ्याने सुरुवातीला सगळ्यांची निराळी अकाउंटे करून दिली होती, पण मग 'तुम्हाला याची परवानगी नाही' अशी पाटी दिवसातून चारदा यायची. मराठी माणसाला स्वतःच्या ऑफिसात परवानगी नाही? मेव्हण्याने हुकूम सोडला, "सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करून टाका." लोकशाही आली. ज्या घरात प्रत्येक जण कर्ता पुरुष असतो त्या घराचे जे होते ते होण्यास नऊ वर्षे लागली, हेच नवल.

तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जागेवर असलेले एका पार्टीचे फोल्डर सोमवारी सकाळी नव्हते. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख तोंडावर. सर्व्हरची देखभाल करणारा मुलगा धावत आला. वय पंचवीस, पाठीवर सॅक, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर'. त्याने आधी बॅकअपची डिस्क लावली आणि आदल्या रविवारची प्रत परत आणली. आठवड्याचे काम गेले, पण पार्टी वाचली. मग त्याने सर्व्हरची नोंदवही उघडली. कोण कधी आत आले आणि बाहेर गेले, हे सर्व्हर आपल्या वहीत लिहून ठेवतो. बँकेतल्या हजेरीपटापेक्षा प्रामाणिकपणे. मुलाने वाचून दाखवले: शुक्रवारी सकाळी ॲडमिनिस्ट्रेटर आले. दुपारी ॲडमिनिस्ट्रेटर आले. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ॲडमिनिस्ट्रेटर आले, ते सातला गेले.

"पण म्हणजे कोण?" मेव्हण्याने विचारले.

"ॲडमिनिस्ट्रेटर, सर."

आठ जणांना विचारले. आठही 'मी नाही' म्हणाले. खरेच असेल, सहाला चहा येतो, त्या गडबडीत कोण कुणाच्या खुर्चीत बसले हे कुणाच्या लक्षात राहणार? पण पडदा काकांच्या टेबलावर. शुक्रवारी शेवटी निघाले ते काका. कुणी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. लहान ऑफिसात संशयाला तोंड लागत नाही, तो चहाच्या कपाबरोबर फिरतो. मेव्हणा मुळात सज्जन. त्याने काकांना केबिनमध्ये बोलावून अगदी हळू आवाजात विचारले, "काका, चुकून तर नाही ना झालं?"

तो 'चुकून' शब्द काकांना लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चोरखिशातली कपाटाची किल्ली काढून मेव्हण्याच्या टेबलावर ठेवली. "हीसुद्धा ठेवून घ्या," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून ते स्वतःच्या टेबलाचा ड्रॉवर उघडण्यापूर्वीसुद्धा आजूबाजूला पाहू लागले. सर्व्हरवर डबा ठेवायचे त्यांनी बंद केले. मेव्हण्याच्या आवाजातली चिंता फोल्डरची नव्हती, ती ही होती.

मला माझे जुने हेडकॅशियर आठवले. मी बँकेत नवा चिकटलो तेव्हा स्ट्राँगरूम उघडण्याचा विधी पाहून मला हसू आले होते. एक किल्ली हेडकॅशियरकडे, दुसरी ऑफिसरकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. दुसऱ्या संचाच्या किल्ल्या पाकिटात, पाकिटाला लाखेचे सील, आणि ते पाकीट दुसऱ्याच शाखेत. किल्ली हातातून हातात गेली की रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सही. मी तरुण होतो, बी.कॉम. ताजे होते. म्हटले, "तीस वर्षं नोकरी झाली तुमची, तरी बँकेचा तुमच्यावर विश्वास नाही?"

हेडकॅशियर नोटा मोजता मोजता म्हणाले, "अहो, दोन किल्ल्या चोरासाठी नसतात. चोर गॅसकटर घेऊन येतो. दोन किल्ल्या माझ्यासाठी आहेत. उद्या एखादं बंडल कमी भरलं, तर 'मी एकटा आत गेलोच नव्हतो' असं मला म्हणता आलं पाहिजे. घरी जाऊन झोप लागायला नको का?" आणि मोजणी चुकल्याबद्दल माझ्याकडे रागाने पाहून त्यांनी बंडल पुन्हा एक पासून सुरू केले.

मेव्हण्याच्या ऑफिसात काकांना नेमकी हीच सोय नव्हती. आपण केले नाही, हे त्यांना दाखवता येत नव्हते. आठ माणसांनी एकच सदरा घातला की डाग कुणी पाडला हे कसे सांगणार? 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण वापरतो. इथे तर चोरीच झाली होती की नाही हेही ठरलेले नव्हते.

त्या आठवड्यात मी रात्री जागून या विषयावर थोडे वाचन केले. सौभाग्यवती म्हणाल्या, "माझ्या माहेरचं काम निघालं की किती अभ्यास करता! मुलाच्या दहावीला नाही केलात." तिकडे दुर्लक्ष केले. वाचनात असे आढळले की हे दुखणे डोंबिवलीचे नसून कॉम्प्युटरच्या जन्माबरोबरचे आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६०च्या सुमारास अनेकांनी मिळून एकच कॉम्प्युटर वापरण्याची व्यवस्था उभी केली. ज्याच्या त्याच्या फायली ज्याला त्याला राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आले. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला ठरवून दिलेले तास पुरेनात. त्याने पासवर्डांची अख्खी यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर तास वापरले. म्हणजे पासवर्ड पाळण्यात असतानाच पासवर्डाची चोरी चालू लागली होती. त्याच दशकाच्या मध्यावर त्याहून गंमत झाली. कारभारातली दोन माणसे एकाच जागेत एकाच वेळी काम करीत होती. एक जण सगळ्यांसाठी रोजचा निरोप लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. दोघांचे कच्चे कागद यंत्राच्या पोटात एकमेकांत बदलले, आणि त्यानंतर जो जो आत आला त्याला 'सुप्रभात'च्या जागी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले.

पण माझी छाती फुगली ती पुढचे वाचून. १९७५ साली त्याच एमआयटीतले जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी कॉम्प्युटरच्या राखणीचे नियम एका निबंधात मांडले. त्यातला एक नियम असा की, ज्याला कामापुरता जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, दमडी जास्त नाही. दुसरा असा की, मोलाच्या कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोन हातांत असाव्यात. आणि उदाहरण कशाचे दिले असेल? बँकेच्या लॉकरचे! ग्राहकाची एक किल्ली, बँकेची एक. एवढे विद्वान लोक शेवटी आमच्याच खिडकीपाशी आले, हे मी सौ.ला उठवून सांगितले. त्यावर जे उत्तर मिळाले ते या लेखात देण्याजोगे नाही.

रविवारी डोंबिवलीला गेलो. सर्व्हरवाला मुलगा सॅकसह हजर होता. मेव्हण्याने आधीच तोडगा काढून ठेवला होता. म्हणाला, "सोपं आहे. पासवर्ड फक्त या मुलाकडे ठेवायचा. तोच बघेल सगळं."

मुलगा दोन पावले मागे सरकला. "मला नको, सर. उद्या इथे काही गेलं तर पहिला फोन मलाच येईल."

पंचविशीतल्या पोराच्या तोंडी माझे हेडकॅशियर बोलत होते. मी त्याला उठून चहा दिला आणि मेव्हण्याला सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगितली. त्या शहराच्या सरकारी कॉम्प्युटरांचे जाळे टेरी चाइल्ड्स नावाचे गृहस्थ सांभाळायचे. किल्ल्या त्यांच्या एकट्याच्या डोक्यात. जुलै २००८ मध्ये वरिष्ठांशी बिनसले आणि त्यांनी पासवर्ड सांगण्यास नकार दिला. अटक झाली, तुरुंगात गेले, तरी सांगेनात. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम, जे पुढे २०१९ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, ते स्वतः तुरुंगात भेटीला गेले तेव्हा कुठे त्यांनी पासवर्ड सांगितला. २०१० साली चाइल्ड्सना चार वर्षांची शिक्षा झाली. सारे शहर एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालले होते. त्या माणसाला नुसता हिवताप झाला असता तरी काय झाले असते, हा विचार माझ्यासारख्या बँकवाल्याला झोपू देत नाही. आमच्याकडे म्हणूनच रजा सक्तीची असते. नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, घरी पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये सांगितले आहे. रजा मागून मिळत नाही हा अनुभव जुना होता. न मागता मिळू लागली आणि त्याचीही धास्ती वाटू लागली.

मग कामाला लागलो. मुलाने आधी सर्व्हरवरच्या अकाउंटांची शिरगणती केली. माणसे आठ, अकाउंटे तेवीस. आर्टिकलशिप संपवून केव्हाच गेलेली मुले अजून आत होती. एक अकाउंट प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाचे होते. आणि एक सासऱ्यांचे. सासरे २०१६ साली वारले. सर्व्हरवर ते पूर्ण अधिकारांसह कामावर होते. मेव्हणा क्षणभर गप्प झाला. म्हणाला, "राहू दे ना ते एक. काय बिघडतंय?" मुलाने मान खाली घालून सांगितले की मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल नावाची तेलाची मोठी पाइपलाइन काही दिवस बंद पडली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि चोर शिरले होते ते असल्याच वापरात नसलेल्या एका जुन्या अकाउंटातून. मेव्हण्याने वडिलांचा फोटो होता त्या भिंतीकडे पाहिले आणि म्हणाला, "बंद कर." माणूस ऑफिस सोडून जाईल त्याच दिवशी त्याचे अकाउंट बंद, असा पहिला नियम मी रजिस्टरमध्ये लिहिला. रजिस्टर मी येतानाच विकत घेऊन आलो होतो. दोनशे पानी, लाल पाठीचे.

दुसऱ्या नियमावर वादळ झाले. मुलगा म्हणाला, रोजच्या कामासाठी सगळ्यांना साधी अकाउंटे. ज्याच्या त्याच्या नावाची.

"मलाही?" मेव्हण्याने विचारले.

"तुम्हालाही, सर."

"मालक मी, आणि मलाच साधं अकाउंट?"

इथे मी मध्ये पडलो. म्हटले, आमचे हेडकॅशियर भाजी आणायला जाताना तिजोरीची किल्ली पिशवीत टाकून नेत नसत. मुलाने शास्त्र सांगितले: टपालातून एखादी विषारी फाईल आली आणि ती उघडली, तर उघडणाऱ्याला जेवढे अधिकार तेवढेच त्या विषाला मिळतात. साध्या अकाउंटात उघडली तर नुकसान त्याच्या फायलींपुरते. ॲडमिनिस्ट्रेटर होऊन उघडली तर सगळे घर बसले. म्हणून कारभाराचे अकाउंट निराळे. ते मेव्हण्याला एक आणि मॅडमना एक, दोन्ही आपापल्या नावाचे; आणि कारभाराचे काम असेल तेव्हाच उघडायचे. मुलाचे स्वतःचेही एक, पण ते एरवी बंद. बोलावले की उघडायचे, काम झाले की बंद. मेव्हण्याला अखेर दोन अकाउंटे मिळाली, म्हणजे इतरांपेक्षा एक जास्त, हे ध्यानात आल्यावर त्याचा चेहरा खुलला.

राहता राहिला मूळ पुरुष, ॲडमिनिस्ट्रेटर. मेव्हणा म्हणाला, त्याचे नावच बदलून टाकू, चोराला सापडणारच नाही. मुलगा म्हणाला, विंडोजमध्ये प्रत्येक अकाउंटला एक लांबलचक क्रमांक असतो आणि या मूळ पुरुषाचा क्रमांक नेहमी ५०० वर संपतो. नाव गंगाराम ठेवा नाहीतर जगन्नाथ, जाणकार चोर शेपूट पाहून ओळखतो. तेव्हा नाव राहू द्यावे, पासवर्ड भक्कम करावा. भक्कम म्हणजे लांब. मी म्हटले, त्यात चिन्हे हवीत, आकडे हवेत, आणि तीन महिन्यांनी बदलायला हवा. आमच्याकडे तसेच आहे. मुलाने अदबीने सांगितले की तो नियम २००३ साली अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेत बिल बर यांनी लिहिला, आणि २०१७ साली निवृत्तीनंतर त्यांनीच वर्तमानपत्राला सांगितले की त्यातल्या बऱ्याचशा भागाचा आता पश्चात्ताप होतो. तीन महिन्यांनी बदलायला लावले की माणसे शेवटचा एक आकडा वाढवतात. हे ऐकून मी गप्प बसलो. आमच्या शाखेतल्या कित्येकांचे पासवर्ड त्या क्षणी मला अंदाजाने सांगता आले असते.

एकमेकांशी सोयरसुतक नसलेले सहा शब्द निवडून लांबलचक पासवर्ड तयार झाला. तो दोन कागदांवर अर्धा अर्धा लिहिला. दोन पाकिटे, दोन्हींवर आडव्या सह्या. एक पाकीट मेव्हण्याच्या बँकेतल्या लॉकरात, दुसरे सासूबाईंच्या कपाटात, पैठणीच्या घडीत. डोंबिवलीत त्याहून सुरक्षित जागा नाही; त्या घडीला हात लावायची सासऱ्यांचीही कधी छाती झाली नव्हती. आग लागली, सगळे अडले, तरच पाकिटे फोडायची. वर्षातून एकदा मात्र मुद्दाम फोडायची, पासवर्ड चालतो का पाहायचे, नवा करायचा आणि पुन्हा सील. एरवी संकटाच्या दिवशी पाकीट उघडावे आणि आत जुनाच पासवर्ड निघावा, हे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

मेव्हण्याने महाबळेश्वरला बसून ऑफिसचे काम करता यावे म्हणून सर्व्हरला बाहेरून थेट दार ठेवले होते. मुलाने त्या दाराची नोंद काढून दाखवली. रात्रीच्या रात्री कुणी परके 'ॲडमिनिस्ट्रेटर' या नावाने वेगवेगळे पासवर्ड लावून पाहत होते. पाने संपता संपत नव्हती. पिवळी चिठ्ठी त्यांना खिडकीतून दिसली नाही, एवढेच ऑफिसचे नशीब. दार बंद केले. बाहेरून यायचेच तर आधी ऑफिसच्या खासगी वाटेने यायचे आणि पासवर्डानंतर मोबाईलवर येणारा आकडा द्यायचा, असे ठरले. बॅकअपच्या दोन डिस्का केल्या. एक कायम तारेपासून सोडवून ठेवलेली. चोराने सर्व्हर खाल्ला तरी ती उपाशी सुटते.

हे सगळे तिसऱ्या रविवारपर्यंत चालले. त्या रविवारी कुठल्या पार्टीचे फोल्डर कुणी उघडायचे, हे एकेक ठरवीत असता मुलगा एकाएकी थांबला. हरवलेले फोल्डर शेजारच्या पार्टीच्या फोल्डरच्या पोटात होते. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी हातून माऊस जरा घसरला आणि एक फोल्डर ओढले जाऊन दुसऱ्यात पडले. पुसले कुणीच नव्हते. कुणाचा हात घसरला, ते मात्र कळणे नव्हते. वहीत त्या वेळी एकच गृहस्थ हजर होते, ॲडमिनिस्ट्रेटर.

सोमवारी मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकून ऑफिसात गेलो. पिवळी चिठ्ठी गेली होती. सेलोटेपचा चौकोन तेवढा उरला होता. मुलाने काकांना खुर्चीत बसवून त्यांचे नवे अकाउंट उघडून दिले. पडद्यावर त्यांचे नाव आणि आडनाव आले. काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले.

"म्हणजे आता मी काही केलं तर माझंच नाव येणार?"

"हो, काका."

"आणि मी केलं नाही तर?"

"तर नाही येणार."

"मग हे बरं आहे," काका म्हणाले, आणि पासवर्ड टाईप करताना त्यांनी आम्हा सगळ्यांना तोंडे फिरवायला लावली.

मेव्हणा केबिनमधून बाहेर आला. त्याच्या हातात कपाटाची किल्ली होती. त्याने ती काकांच्या टेबलावर ठेवली आणि काहीतरी बोलण्यासाठी घसा खाकरला, पण त्याला ते जमेना. काकांनीच त्याची सुटका केली. किल्लीला हात न लावता ते म्हणाले, "कपाटाला अजून एक कुलूप लावून घ्या. त्याची किल्ली मॅडमकडे द्या. मग ही घेतो."

संध्याकाळी शिपाई बाजारातून कुलूप घेऊन आला. काकांनी ते उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिले, मॅडमच्या हाती किल्ली दिली, माझ्या लाल रजिस्टरमध्ये तारीख-वेळ घालून दोघांच्या सह्या झाल्या. मग आपली किल्ली त्यांनी चोरखिशात टाकली, वरून थोपटली, आणि डबा उचलून सर्व्हरवर ठेवला.